काढ्याच्या कोऱ्या ओळी

वैद्यकीय संशोधन वाचायचं असेल तर आधी चष्मा काढून ठेवा. अडचणीचं सगळं बारीक अक्षरांत असतं. प्रयोग किती जणांवर झाला, किती दिवस चालला, पैसे कोणी दिले. आपलं मथळ्यावर भागतं. ‘हृदयविकाराचा धोका निम्मा’ एवढं वाचलं की पानठेल्यावर खर्रा घोटून होईस्तोवर चर्चा पुरते.

निम्मा म्हणजे कशाच्या निम्मा, हे विचारायचं नाही. हजारातल्या 2 जणांना होणारा आजार गोळीनं 1 जणाला झाला, तरी धोका 50 टक्क्यांनीच घटला की! हजारात एकच वाचला असं छापलं तर गोळी घेणार कोण? प्रयोग उंदरांवरचा असेल तर ‘उंदीर’ शब्द गाळून ग्रुपवर टाका.

यातले खरे जाणकार आमचे काकाजी. कृषी केंद्रवाल्यानं नवं टॉनिक गळ्यात मारलं तर ते पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, चार ओळी मुद्दाम कोऱ्या सोडतात. मग धुऱ्यावर उभं राहून त्याला विचारतात, “यंदा पाणीच बरं हाये, सगळ्याइचीच पऱ्हाटी चांगली हाये. तुह्या दवाईनं काय केलं थे सांग.” तेच काकाजी गुडघ्याच्या काढ्याची बाटली दाखवत गावभर सांगतात, “घेतला अन् आठ दिवसांत उतार!” इथं कोऱ्या ओळी कुठं, म्हटलं तर म्हणाले, “माणूस म्हंजे का पऱ्हाटी हाये?”

गडचिरोलीच्या वाटेला तर मुळीच जाऊ नका. तिथं डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 39 गावांत नवजात बाळांवर घरीच उपचार केले आणि 47 गावं नुसती तुलनेला ठेवली. चक्क कोऱ्या ओळी! 39 गावांत हजार जन्मांमागे बाळांचे मृत्यू 62 वरून 25.5 वर आले, तुलनेच्या गावांत साठाच्या आसपासच राहिले. हे 1999 साली ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. असलं काही वाचनात आलं की प्रत्येक बाटलीला ‘नाही घेतली त्यांचं काय झालं?’ असं विचारायची खोड लागते, आणि मग पाहुणचारात चहासुद्धा फिका मिळतो.

त्यापेक्षा मोठं नाव दिसलं की हात जोडावे. लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा, अवघ्या 12 मुलांवरचा लेखही 1998 साली ‘लॅन्सेट’नंच छापला होता. 2010 मध्ये तो त्यांनी मागे घेतला, पण मागे घेतल्याचा निरोप ग्रुपवर कोण फिरवतो? मूळ लेखाची भीती अजून फिरते आहे, तीच पुढे ढकला.

परवा मी काकाजींना हळूच म्हटलं, “काढा सुरू केला त्याच आठवड्यात डवरणी आटोपली होती नं? बैलामागं चालणंच बंद झालं तुमचं.”

काकाजींनी बाटली उजेडात धरून पाहिली.

“अर्धी राह्यली,” म्हणाले. “तुह्या बापाले घेऊन जाय.”