कंत्राटदार अर्ध्यावर गेला? आधी टेप काढा

काम अडतं तेव्हा सुरुवात सगळीकडे सारखीच होते. आधी "उद्या माणसं पाठवतो", मग "सोमवारी नक्की", आणि मग फोन नुसता वाजत राहतो. इथवर घरमालकाची काही चूक नसते. चूक होते त्यानंतर. कंटाळून तो ओळखीतला दुसरा मिस्त्री आणतो आणि उरलेलं काम त्याच्या हवाली करतो. त्या दिवशी पहिल्या कंत्राटदाराविरुद्धचा निम्मा पुरावा टाइलखाली गाडला जातो. पुढे गळती निघाली की पहिला म्हणतो नंतरच्याने केली, नंतरचा म्हणतो आधीपासूनच होती, आणि ते खोटं ठरवायला तुमच्याकडे काही नसतं.

म्हणून माझं मत ठाम आहे: मोजमाप आणि फोटो झाल्याशिवाय अर्धवट कामाला नवा हात लागू देऊ नका. अपवाद फक्त धोक्याचा. उघडी वायर, ठिबकणारी लाइन, टेकूशिवाय राहिलेला लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी तुळई) ही कामं त्याच दिवशी करून घ्या, पण आधी फोटो काढा आणि तुटलेला जोड, जळका तुकडा पिशवीत जपून ठेवा. राडारोड्यात जाऊ देऊ नका.

कंत्राटदार का जातो, हे समजलं तर भांडण कसं करायचं तेही कळतं. बहुतेक वेळा पैसे कामाच्या पुढे गेलेले असतात. तोडफोड, गिलावा, पाइप टाकणं ही कामं पटापट होतात आणि डोळ्यांत भरतात, त्यामुळे हप्तेही पटापट सुटतात. शेवटी उरतं ते चिवट काम: कट टाइल, दाराची पट्टी, नळाचे फ्लँज (भिंतीलगतच्या चकत्या), स्विच प्लेटच्या कडा, एक बिजागरी. त्यातल्या प्रत्येकाला वेगळा कारागीर अर्ध्या दिवसासाठी बोलवावा लागतो. तेवढ्यात नव्या साइटची उचल हातात आलेली असते. तुमच्याकडे यायचं म्हणजे त्याला खिशातून खर्च, न यायचं म्हणजे काहीच नाही. हे गणित तुमच्या आरडाओरड्याने बदलत नाही. लेखी हिशोब समोर आला, तर कधीकधी बदलतं.

तो हिशोब कसा करायचा, एका बाथरूमवर दाखवतो.

जमीन २.५ बाय १.६ मीटर, म्हणजे ४ चौरस मीटर. भिंतींना २.४ मीटर उंचीपर्यंत टाइल ठरली आहे. दार छोट्या भिंतीत, ०.७५ बाय २.१. चार भिंती मिळून १९.६८, त्यातून दाराचे १.५८ वजा, राहिले १८.१. जमीन धरून टाइलचं एकूण काम २२.१ चौरस मीटर. आता समजा दोन्ही लांब भिंती आणि बिनदाराची छोटी भिंत झाली आहे, म्हणजे १५.८४. कंत्राटदार म्हणणार, "बहात्तर टक्के टाइल लावून दिली." क्षेत्रफळाने ते खरंही आहे. पण राहिलंय काय, ते बघा: ढाळ देऊन बसवायची जमीन, ट्रॅपभोवतीचे (पाणी जायच्या जाळीभोवतीचे) तिरके कट आणि चौकटीच्या कडेची पट्टी. सपाट भिंतीवर चांगला कारागीर सरसर ओळी चढवतो, या राहिलेल्या सव्वासहा चौरस मीटरमध्ये त्याचा वेळ जातो. क्षेत्रफळावर भांडलात तर हरलात.

आता पूर्ण करार १०० धरा आणि टप्प्यांना वजन द्या: तोडफोड १०, पाइप आणि वायरिंग १५, वॉटरप्रूफिंग १०, गिलावा १०, टाइल ३०, फिटिंग १५, दार-रंग-सफाई १०. तोडफोड, वॉटरप्रूफिंग आणि गिलावा पूर्ण, पाइप-वायरिंग १५ पैकी १२, टाइल त्याच्या म्हणण्याप्रमाणे क्षेत्रफळाने धरली तरी ३० पैकी साडेएकवीस. झालेल्या कामाची बेरीज साडेत्रेसष्ट. तुम्ही ८० दिले असतील तर साडेसोळा जास्त गेले.

हा झाला एक हिशोब. दुसरा जास्त महत्त्वाचा आहे: आजवर दिलेले पैसे, अधिक उरलेलं काम वाजवी दरात पुरं करायचा खर्च, वजा मूळ ठरलेली रक्कम. अर्धवट काम हातात घेणारा नेहमी जास्त मागतो, कारण आधीच्याच्या चुकांची जोखीम त्याच्या अंगावर येते. साडेछत्तीसचं काम तो ४५ ला देईल. ८० अधिक ४५, वजा १००, म्हणजे तुमचं नुकसान २५. तडजोड झालीच तर ती साडेसोळा आणि २५ यांच्या मध्ये कुठेतरी होईल. यापेक्षा मोठा आकडा मनात धरून बसलात तर वर्ष जाईल.

आणि हाच हिशोब उलटाही येतो. तुम्ही फक्त ५० दिले असतील तर ५० अधिक ४५ म्हणजे ९५. काम अर्धवट टाकूनही त्याचे ५ तुमच्याकडे निघतात! घरमालकांना हे ऐकवत नाही, पण आकडा असा आला तर तो मान्य करा. समोरच्याच्या हातात तुमच्या विरुद्धचा खरा मुद्दा ठेवून नोटीस पाठवण्यात काही शहाणपण नाही.

वरच्या हिशोबात वॉटरप्रूफिंगचे १० आपण पूर्ण धरले. ते तपासल्याशिवाय धरू नका. जमिनीवर अजून टाइल नाही, म्हणजे तपासायची ही शेवटची संधी आहे. ट्रॅपच्या तोंडात फुगवायचा प्लग घट्ट बसवा, दारात सिमेंटच्या मसाल्याचा छोटा बांध घाला, आणि जमिनीच्या सर्वांत उंच जागी २५ मिलिमीटर पाणी उभं राहील एवढं भरा. फार खोल भरू नका, दर २५ मिलिमीटरला चौरस मीटरमागे २५ किलो वजन पडतं. भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारा. शेजारी एका बादलीत पाणी ठेवून तिच्यावरही रेघ मारा. ही बादली फार कामाची, कारण पातळी थोडी उतरली की कंत्राटदार हमखास म्हणतो, "उन्हाने उडालं." बादलीत २ मिलिमीटर उतरलं आणि जमिनीवर ९, तर उन्हाचा विषय संपला. निदान २४ तास ठेवा, जमलं तर ४८. खालच्या मजल्याचं छत, पलीकडच्या खोलीच्या भिंतीचा तळ आणि बाहेरची भिंत सुरुवातीला आणि शेवटी बघा. खाली दुसऱ्याचं घर असेल तर त्यांना आधी सांगा.

पाणी उतरलं तर ते १० शून्य होत नाहीत, उणे होतात. वॉटरप्रूफिंगचा थर जमिनीवरून भिंतीवर निदान ३०० मिलिमीटर चढलेला असायला हवा, शॉवरच्या बाजूला त्याहून बराच वर. तो दुरुस्त करायचा म्हणजे तीन भिंतींची खालची ओळ फोडावी लागणार. फोडणं, नवा थर, पुन्हा टाइल आणि टाइलचा माल, हे सगळं खर्चात येतं. आणि इथे एक अडचण निघते जी कोणाच्या लक्षात येत नाही: त्याच बॅचची टाइल. एकाच डिझाइनच्या दोन बॅचमध्ये रंगछटा हलकी वेगळी असते, कधी मापही अर्ध्या-एक मिलिमीटरने. रिकामी खोकी फेकू नका, बॅच नंबर त्यांच्यावरच असतो. उरलेल्या टाइल मोजून कुलपात ठेवा.

नळाच्या लाइनचंही तसंच. भिंत बंद झाली असली तरी सगळी तोंडं बंद करून हातपंपाने दाब देता येतो, कामाच्या दाबाच्या दीडपट. तासभर काटा जागचा हलला नाही तर लाइन ठीक. वायरिंगसाठी इलेक्ट्रिशियनला ५०० व्होल्टचा मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायला सांगा. १ मेगाओमच्या खाली आकडा आला तर कुठेतरी वायर सोललेली किंवा ओली आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सतत पडत असेल, तर त्याला दोष देऊन बदलण्याआधी न्यूट्रल आणि अर्थ कुठे एकत्र बांधलेत का ते बघा. घाईत केलेल्या कामात हे फार आढळतं.

बसलेल्या टाइल नाण्याने किंवा लाकडी दांडीने ठोकून बघा. चारही कोपरे आणि मध्य. मध्ये घट्ट आणि कोपऱ्यांत पोकळ आवाज आला तर मसाल्याचे गोळे लावून टाइल दाबली आहे, पूर्ण पृष्ठभागावर खाचांच्या करणीने मसाला पसरलेला नाही. असा पोकळ कोपरा भिंतीवर काही काळ निभावतो. जमिनीवर मात्र तिथे बादली पडली की तुकडा उडतो. पोकळ टाइलवर मास्किंग टेपची फुली मारा आणि मग फोटो घ्या.

यादी लिहिताना "टाइलकाम निकृष्ट आहे" असं लिहिलंत तर उत्तर येईल, "तुम्हाला काहीच पटत नाही." त्याऐवजी असं लिहा: "मोठं बाथरूम, दारातून आत शिरताना डावी भिंत, खालून तिसरी ओळ, दाराकडून दुसरी टाइल, वरचे दोन्ही कोपरे पोकळ. फोटो १४." याला वाद घालायला जागा नाही. प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एकच शब्द: राहिलं, चुकलं, किंवा तपासायचं. राहिलेल्या आणि चुकलेल्या कामाची सरमिसळ झाली की हिशोब बिघडतो, कारण चुकलेल्याला फोडायचा खर्चही लागतो. फोटो आधी पूर्ण खोलीचा, मग भिंतीचा, मग टेप धरून जवळचा. नुसत्या जवळच्या फोटोवरून तो कुठल्या घराचा आहे हेही कळत नाही.

आता घरमालकांच्या बाजूचं थोडं कडू. "हातासरशी तेवढं पण करून टाका" या वाक्याने जेवढी कामं बिघडली असतील तेवढी वाईट सिमेंटनेही नसतील. एक जादा पॉइंट, एक खण, वॉशबेसिन दोन फूट पलीकडे. वॉशबेसिन दोन फूट सरकलं की पाण्याची लाइन, ड्रेन, भिंतीची खाच, तिचा गिलावा आणि आरशाचा दिवा, सगळंच सरकतं. दर कोणी बोलत नाही, तारीख कोणी वाढवत नाही, आणि शेवटी कंत्राटदार वाढीव कामाचं असं बिल काढतो की तुमचा सगळा हिशोब उलटा होतो. तुम्ही टाइल निवडायला तीन आठवडे लावले असतील तर ते तीन आठवडे त्याच्या उशिरातून वजा करा. मेसेज उघडून वाढीव कामांची यादी तुम्हीच करा, त्याने करायच्या आधी, आणि वाजवी दर लावून हिशोबात धरा.

यादी तयार झाली की लेखी कळवायचं. एका पानाच्या वर नको. करारातलं काम काय, किती दिलं, काय राहिलं ते सोबतच्या यादीप्रमाणे, एकत्र मोजणीसाठी अमुक दिवशी अमुक वाजता या, आणि काम पुरं करायला इतके दिवस. मुदत खरोखर शक्य असेल अशी द्या. दहा दिवसांचं काम तीन दिवसांत मागितलं तर ते पत्र तुमच्यावरच उलटतं. घर कोणत्या वेळी उघडं मिळेल तेही लिहा, कारण "मी आलो होतो, कुलूप होतं" हे त्याचं ठरलेलं उत्तर आहे. दुरुस्तीची संधी न देता कुलूप बदललं, तर काम त्याने सोडलं की तुम्ही हाकललं, असा नवा वाद उभा राहतो. आला तर मोजणीच्या कागदावर दोघांच्या सह्या. आला नाही तर या भांडणात ज्याचा काही स्वार्थ नाही अशा इंजिनिअरकडून मोजून घ्या. उरलेलं काम ज्याला मिळणार आहे, त्याच्याकडून मात्र मोजणी करून घेऊ नका. "हे सगळंच फोडावं लागेल" हे त्याचं पहिलं वाक्य असणार, आणि ते तांत्रिक मत नसून बऱ्याचदा कोटेशन असतं.

त्याचे मजूर थकलेली मजुरी मागायला तुमच्या दारात येतील. वाईट वाटतं, पण परस्पर पैसे दिलेत तर कंत्राटदार ते हिशोबात धरणार नाही. द्यायचेच असतील तर त्याची लेखी संमती, मजुराची सही आणि रक्कम कंत्राटदाराच्या हिशोबातून वजा, हे तिन्ही एका कागदावर हवं.

तो परत यायला तयार झाला, तर अहंकार बाजूला ठेवून येऊ द्या. नव्या माणसापेक्षा त्याला भिंतीत पाइप कुठून गेलाय ते माहीत असतं. पण आता आगाऊ काही नाही. उरलेल्या कामाचे चार-पाच तुकडे पाडा, एक तुकडा संपला आणि तपासला की त्याचेच पैसे. माल तुम्ही आणा, बिल आणि वॉरंटी कार्ड तुमच्या नावावर घ्या. त्याच्या वर्कशॉपमध्ये तुमच्या पैशाने कापलेले शटर (कपाटांची दारं) पडून असतील तर पहिला तुकडा तोच ठरवा: ते आधी घरी आणून टाकायचे. एकूण रकमेतले दहा टक्के शेवटपर्यंत हातात ठेवा, जमिनीची टाइल बसून बाथरूम महिनाभर वापरून होईपर्यंत.

आणि तो येणारच नसेल, तर नव्या माणसाला काम सुरू करण्याआधी पाण्याच्या चाचणीचे फोटो, दाबाचा आकडा आणि फुल्या मारलेल्या टाइल दाखवा, आणि "या स्थितीत काम ताब्यात घेतलं" म्हणून त्याची सही घ्या. सही करायला तो कचरला तर त्याला कुठल्या जागेची भीती वाटते ते विचारा. ती जागा तुमच्या यादीत आहे का बघा, नसेल तर तपासून यादीत घाला.