काका, तुमच्या मुलीबद्दल

नमस्कार काका,

माझ्या नर्मदा परिक्रमेच्या लेखावर तुम्ही लिहिलंत, की ताण कुणाला नसतो, नोकरी सोडून पळणं म्हणजे ज्यांना उद्याची चिंता नाही त्यांचे चोचले. आणि आता तुमची मुलगी तोच लेख दाखवून राजीनाम्याची भाषा करतेय. ते शेवटचं वाक्य वाचून दोन दिवस मला उत्तर लिहवेना.

चूक माझी आहे. लेख वाचून वाटतं, नर्मदेच्या ओढीने मी नोकरी सोडली. तसं नव्हतं. मी पगारपत्रकांचं काम करायचे, महिनाअखेरीला रात्री दोन-दोनपर्यंत. पुढे पुढे फोन वाजला तरी हात कापायला लागले. एका सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि तासभर आतच बसून राहिले, उतरताच येईना. राजीनामा त्याच आठवड्यात दिला. परिक्रमेचं नाव निघालं ते नंतर, नोटिशीच्या तीन महिन्यांत, मावशीच्या तोंडून. हा क्रम मी लिहायला हवा होता.

पैशाचंही लिहायला हवं होतं. घराचे हप्ते फिटले होते, आई भावाकडे होती, वर्षभर पुरेल एवढी शिल्लक होती. यातलं एक जरी नसतं तरी मी दुसरी नोकरी शोधली असती. एवढं तुमचं बरोबर आहे.

‘पळणं’ मात्र मला मान्य नाही. नर्मदा १३१२ किलोमीटर लांब. ओंकारेश्वरहून निघायचं, नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, मुखापाशी नावेतून समुद्रमार्गे पलीकडच्या काठाला लागायचं आणि उगमाला वळसा घालून परत यायचं. दोन्ही काठ मिळून २६०० किलोमीटरच्या वर. मी चालत होते आणि मनात साहेबांशी भांडत होते. पहिले तीन आठवडे दुसरं काही सुचलंच नाही. मग शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे वाटेतल्या जंगलात, एका पाड्यावर, म्हातारीने मक्याची भाकरी वाढली आणि विचारलं, नवस कसला बोललीस? मला सांगता येईना. टोपल्यात दोनच भाकऱ्या होत्या, त्यातली एक तिने मला दिली होती. तिथे रडू फुटलं. ऑफिसात इतक्या महिन्यांत डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नव्हतं.

आणि एकटी कशी फिरलीस म्हणाल तर, रात्री कुठल्या ना कुठल्या आश्रमात किंवा धर्मशाळेत असायचे. झाडीतला पट्टा चार मराठी परिक्रमावासींच्या सोबतीने पार केला.

आज मी पुन्हा नोकरी करतेय, कमी पगारावर.

काका, लेख तिच्यापासून लपवू नका, हे उत्तरही तिला दाखवा. तिला झोप लागते का, सकाळी निघताना पोटात गोळा येतो का, ते विचारा. येत असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, तुम्हीही सोबत जा. सुट्टी मिळत असेल तर आधी ती घेऊन बघू दे. आणि राजीनामाच द्यायचा ठरला, तर त्याआधी स्वतःच्या नावावर आरोग्य विमा काढायला सांगा. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो. मी काढला नव्हता. परत आल्यावर गुडघ्याचा सगळा खर्च शिलकीतून गेला.