गुंड्याचे कूळ

‘एक्स्ट्रा बेड : ३०० रुपये’ असे लिहिलेली गोकाकच्या एका लॉजची पावती मी अजून फाडलेली नाही. ज्याच्या नावावर हा आकार लागला, तो गुंड्या त्या रात्री फरशीवर, माझ्या चपलेवर हनुवटी टेकवून झोपला होता.

मावसभावाच्या मुलीचे लग्न होते आणि बेळगावच्या घरी मागे कोणीच राहणार नव्हते, म्हणून गुंड्याला बरोबर घेतले. फोनवर मी ‘आम्ही दोघे आणि आमचा गुंड्या’ असे स्पष्ट सांगितले होते व पलीकडून ‘आणा की, त्याला काय हुतंय’ असे प्रेमळ उत्तरही आले होते. त्यांनी गुंड्या म्हणजे मुलगा समजून एक्स्ट्रा बेड लिहून ठेवला, यात माझा दोष मला तरी दिसत नाही. काउंटरवर मात्र गुंड्याने पुढचे दोन पाय ठेवून रजिस्टर हुंगले आणि व्यवस्थापक खुर्चीसकट मागे सरकले. ‘नायी आगंगिल्ल री,’ ते म्हणाले. कुत्रा चालणार नाही.

रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि पाऊस कोसळत होता. अशा वेळी माणूस खोटे बोलतो, मीही बोललो. हा साधासुधा कुत्रा नसून मुधोळ जातीचा आहे, मुधोळच्या मालोजीराव घोरपडे राजांनी याच्याच पूर्वजांची जोडी पंचम जॉर्जला भेट दिली होती, २००५ साली टपाल खात्याने या जातीचे तिकीट काढले आहे, आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या या मानकऱ्याला तुम्ही पावसात उभे करणार काय, असे मी एका दमात विचारले. व्यवस्थापक विरघळू लागले होते. तेवढ्यात कोपऱ्यातल्या सोफ्यावर मांडी घालून बसलेले, निपाणीकडचे वाटणारे एक मामा तंबाखू मळायचे थांबले.

‘मुधोळचं? उबं करा बगू हिकडं.’

त्यानंतर जे झाले, त्याला मुलगी बघण्याचा कार्यक्रम याखेरीज दुसरे नाव नाही. मामांनी चष्मा लावला. गुंड्याला आधी उभे केले, मग दारापर्यंत चालवून परत आणवले, मग बाजूने पाहिले. ‘मुधोळची कंबर मुठीत मावावी, ह्याची बगा,’ असे म्हणत त्यांनी गुंड्याच्या पोटाखाली हात घातला आणि आमच्या घरच्या दहीभाताचा सगळा हिशेब लोकांसमोर मांडला. ‘छाती खोल नाही. तोंड लांब नाही. कान तर एक वर, एक खाली.’ एव्हाना रूमबॉय, पाण्याचे जार आणणारा मुलगा आणि माझी पत्नी असे तिघेही कान बघायला वाकले होते. पत्नीने निदान वाकायला नको होते. गुंड्या मात्र आनंदाने शेपूट हलवत राहिला. स्वतःच्या अब्रूची त्याला कधीच फिकीर नव्हती.

‘कुठनं आणलासा?’ मामांनी विचारले.

‘टिळकवाडीत गटाराजवळ सापडला,’ पत्नीने सांगून टाकले.

‘मग तसं सांगायचं की! आपल्यातलंच हाय. द्या वो ह्यास्नी खोली.’

आणि खोली मिळाली. राजघराण्याच्या आधाराने जे जमले नाही, ते गटाराच्या आधाराने जमले, याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. गच्चीवरच्या टाकीला लागून असलेल्या त्या खोलीच्या भिंतीवर कंबरेच्या उंचीपर्यंत गुटख्याच्या पिचकाऱ्या होत्या. शेजारच्या खोलीतली चौकडी दोन वाजेपर्यंत पत्ते कुटत आणि बाटल्या लवंडत एकमेकांच्या आईबहिणीची आठवण काढत होती. त्यांची कंबर कोणी मोजली नव्हती, की त्यांना दारापर्यंत चालवून पाहिले नव्हते. आधार कार्डाची झेरॉक्स दिली की झाले. गुंड्या रात्रभर एकदाही भुंकला नाही. मी सकाळी तक्रार केली, तेव्हा ‘रेग्युलर पार्टी आहे साहेब’ एवढेच ऐकायला मिळाले.

निघताना बिलात ते ३०० रुपये दिसले. जो बेड दिलाच नाही त्याचे पैसे कसले, असे मी जरा चढ्या आवाजात विचारले. व्यवस्थापकांनी शांतपणे जिन्याखाली बोट दाखवले. तिथे एक गादी, एक उशी आणि घडी घातलेली छोटी चादर खरोखरच काढून ठेवलेली होती.

‘तयार होतं की री,’ ते म्हणाले, ‘तुम्ही मागितलंच नाही.’