एकवीस दिवसांचं व्रत आणि साडेपाचची भूक

सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. २१ दिवस बाहेरचा एकही घास खाऊ नका, सवय कायमची सुटेल. एक दिवस चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून मोजा. खाली मग उपदेशांची रांग. मैदा आतड्याला गोंदासारखा चिकटतो. पिझ्झा-बर्गर विष, त्यापेक्षा आपला वडापाव बरा. पांढऱ्या ब्रेडऐवजी ब्राउन ब्रेड आणि डायजेस्टिव्ह बिस्किटं घ्या. दुपारी हलकं खा, संध्याकाळी भूक लागली तर लिंबूपाणी प्या. आणि शेवटी, मनाचा निश्चय असेल तर काहीच अवघड नाही.

बाहेरचं खाणं कमी व्हायला हवं, यावर वाद नाही. पण हा मेसेज प्रामाणिकपणे पाळणारा माणूस बहुधा दुसऱ्या आठवड्यात गाडीवर भज्यांची प्लेट घेऊन उभा असतो आणि दोष स्वतःला देतो. खरं तर मेसेज लिहिणाऱ्याने संध्याकाळी साडेपाचला लागणाऱ्या भुकेचा विचारच केलेला नाही. आता एकेक मुद्दा घेऊ.

"२१ दिवसांत सवय सुटते"

हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनचा. बदललेला चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं निरीक्षण त्यांनी १९६० सालच्या आपल्या पुस्तकात नोंदवलं. पुढे सांगणाऱ्यांनी 'किमान' गाळला आणि नाकाच्या जागी वडापाव घातला.

सवय लागायला किती दिवस लागतात हे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर तपासलं. दुपारच्या जेवणासोबत एक फळ, रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं धावणं, अशी एकच छोटी गोष्ट प्रत्येकाने रोज ठरल्या वेळी करायची होती. ती आपसूक व्हायला लागेपर्यंत लागलेल्या दिवसांचा मध्य ६६ निघाला. कुणाला १८ पुरले, कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं.

म्हणून मेसेजमधला सगळ्यात घातक नियम 'पुन्हा पहिल्यापासून' हाच आहे. चौदाव्या दिवशी ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचे सामोसे येतात. तुम्ही एक खाता. नियमाने तुमचे तेरा दिवस पाण्यात गेले. मग 'आता मोडलंच आहे तर' म्हणून संध्याकाळी शेवपुरी आणि रात्री पार्सल. एका सामोशाने जे बिघडलं नसतं ते नियमाने बिघडवलं.

आणखी एक गोष्ट मेसेजमधून निसटली आहे. सवय जिभेला जितकी असते तितकीच जागेला आणि वेळेला असते. डेव्हिड नील आणि वेंडी वुड या मानसशास्त्रज्ञांच्या गटाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात थिएटरात लोकांना आठवड्यापूर्वीचे, मऊ पडलेले पॉपकॉर्न दिले. ज्यांना सिनेमात पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती त्यांनी ते ताज्यांइतकेच संपवले. मीटिंगच्या खोलीत मात्र तसं झालं नाही. स्टेशनबाहेरच्या गाडीवरून जाताना भूक नसताना हात खिशाकडे जातो तो याच कारणाने. त्यामुळे स्टेशनच्या दुसऱ्या दरवाज्याने बाहेर पडणं हा बावळट वाटणारा उपाय निश्चयापेक्षा जास्त दिवस टिकतो. घरबसल्या मागवणाऱ्यांनी ॲपमधलं साठवलेलं कार्ड काढून टाकावं आणि नोटिफिकेशन बंद करावीत. दर वेळी १६ आकडे टाकायचे म्हटलं की काही ऑर्डरी कंटाळ्यानेच गळतात.

मोजायचंच असेल तर आठवड्यातले वार मोजा. सहा वेळा होत असेल तर तीन आठवडे चार वेळा, पुढचे तीन आठवडे दोन वेळा. वार आधी ठरवून टाका, म्हणजे रोज संध्याकाळी स्वतःशी वाद घालावा लागत नाही.

"मैदा आतड्याला चिकटतो"

चिकटत नाही. शिजलेला स्टार्च लाळेतल्या आणि स्वादुपिंडाच्या रसाने फुटतो, त्याची साखर होते आणि ती लहान आतड्यात शोषली जाते. आतड्याचं आतलं अस्तर तर दर चार-पाच दिवसांनी नवं होत असतं. त्यावर गोंद बसणार कुठे? मैद्याचा खरा दोष वेगळा आहे. १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतू (फायबर) असतात, मैद्यात जेमतेम ३. त्यामुळे तो पटकन पचतो, साखर पटकन चढते, पोट पटकन रिकामं होतं आणि रोज तोच खाल्ला तर बद्धकोष्ठता होऊ शकते. 'चिकटला' असं लोकांना वाटतं ते बहुधा यामुळेच.

"पिझ्झा विष, वडापाव आपला"

आपला आहेच, पण पावात मैदा आहे, वड्यात बटाटा आणि बेसन, आणि वर तळण. एका वडापावात आकारानुसार साधारण ३०० कॅलरी आणि प्रथिनं ६-७ ग्रॅमच. आठवड्याला सहा म्हणजे महिन्याला सात हजारांवर कॅलरी. महिन्यातून एकदा मागवलेला मध्यम पिझ्झा एकट्याने संपवला तरी हजाराच्या आसपास जातो. विष कोणतं हे विचारण्यापेक्षा महिन्यातून किती वेळा, हे विचारायला हवं.

गाडीवर बघायची गोष्ट म्हणजे तेल. ते पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल खराब होताना तयार होणारी रसायनं, वाढत जातात. ती २५ टक्क्यांवर गेली की तेल टाकून द्यावं, असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम जुलै २०१८ पासून आहे. गिऱ्हाइकाकडे मोजायचं यंत्र नसतं, पण डोळे असतात. तेल काळपट आहे, घाणा सोडल्यावर वर आलेला फेस विरत नाही, वडे न टाकताच धूर येतोय, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या गाडीवर जा. घरी तळलेलं तेलही गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवावं; पुन्हा तळणाला नको.

"ब्राउन ब्रेड आणि डायजेस्टिव्ह बिस्किटं घ्या"

या सल्ल्याने मैदा सुटत नाही, फक्त महाग होतो. पाकीट उलटं करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिलं नाव 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' किंवा 'मैदा' असेल तर पुढे कोंडा, ओट्स, मध काहीही लिहिलेलं असो, तो मैद्याचाच पदार्थ. रंग १५०ए, १५०सी किंवा १५०डी असं दिसलं तर तपकिरी रंगाला कॅरॅमलचा हातभार आहे. कणकेचा ब्रेड हवा असेल तर पहिलं नाव 'होल व्हीट फ्लोअर' किंवा 'आटा' हवं आणि शेजारी कंसात टक्केवारी असेल तर तीही बघा.

मिठाचा हिशेब नूडल्स, सूप आणि चिप्सच्या पाकिटावर करायचा. तिथे सोडियम मिलिग्रॅममध्ये दिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. समजा एका पाकिटात ९०० मिलिग्रॅम सोडियम आहे, तर मीठ झालं सव्वादोन ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत. इथे लोक एक चूक हमखास करतात: आकडा १०० ग्रॅमचा असतो आणि पाकीट ७० ग्रॅमचं, किंवा आकडा 'एका सर्व्हिंग'चा आणि पाकिटात अशा तीन सर्व्हिंग. आधी आकड्यांच्या वरचा मथळा वाचा.

अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल यांच्या गटाने २०१९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे लागू पडतो. २० जणांना दोन आठवडे कारखान्यातलं, अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. पुढे मांडलेल्या ताटातली साखर, चरबी, तंतू, मीठ सारखं ठेवलं होतं आणि हवं तेवढं खायची मुभा होती. कारखान्यातलं अन्न असताना लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या, आणि जास्त भरभर खाल्ल्या. बिस्किटाच्या पाकिटावर 'फायबर' लिहून हे बदलत नाही.

"दुपारी हलकं, संध्याकाळी लिंबूपाणी"

गाडीकडे ढकलणारा सल्ला हाच. एक वाजता दोन पोळ्या आणि कोरडी भाजी खाल्ली, म्हणजे प्रथिनं जेमतेम ८ ग्रॅम. जेवण रात्री नऊला. मध्ये आठ तास, दोन साखरेचे चहा आणि पाऊण-एक तासाचा प्रवास. लिंबूपाण्याने ही भूक वीस मिनिटं लांबेल.

सुरुवात दुपारच्या डब्यापासून करा. भाजी आहे तशीच राहू द्या, तिच्यासोबत वाटीभर घट्ट वरण किंवा मटकी-मुगाची उसळ वाढवा. प्रथिनं जवळपास दुप्पट होतात. मग दुसरा छोटा डबा, फक्त साडेपाचसाठी. सगळ्यात कमी कटकटीचा: ४० ग्रॅम फुटाणे आणि २० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, म्हणजे एक भरलेली मूठ आणि एक अर्धी. यात कॅलरी अडीचशेच्या वरच आहेत, वडापावापेक्षा फार कमी नाहीत. हे लपवण्यात अर्थ नाही. पण प्रथिनं १३ ग्रॅमच्या आसपास, तंतू भरपूर आणि चावायला दहा मिनिटं. म्हणून रात्रीपर्यंत पोट धरतं.

हा डबा फसतो तो ठरलेल्या ठिकाणी. टेबलावर उघडा ठेवला की अकरालाच संपतो. तो बॅगेत तळाशी हवा. पावसाळ्यात फुटाणे सादळतात आणि मग खावेसे वाटत नाहीत. आठवड्याचे एकदाच कढईत दोन मिनिटं परतून, पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. आणि डबा ऑफिसातून निघण्याआधी खायचा. गाडीचा वास आल्यावर बॅगेतला फुटाणा कुणी काढत नाही.

फुटाण्यांचा कंटाळा येतोच. मग मोड आलेले मूग. १०० ग्रॅम मूग ८ तास भिजवा, पाणी पूर्ण निथळून ओल्या फडक्यात बांधा. उन्हाळ्यात १०-१२ तासांत मोड येतात, थंडीत दिवस लागतो. बुळबुळीत झाले किंवा वास आला तर पाणी नीट निथळलं नव्हतं. ते टाकूनच द्या. पाच मिनिटं वाफवून, पूर्ण गार झाल्यावर झाकण लावा. गरम भरले तर दुपारपर्यंत आंबतात. कांदा, लिंबू, मीठ खाताना घाला. ऑफिसात फ्रीज नसेल तर एप्रिल-मेमध्ये हा डबा नको, आणि उकडलेली अंडीही नकोत. तेव्हा फुटाणेच बरे.

"निश्चय असेल तर काहीच अवघड नाही"

रात्री साडेआठला घरी पोचलेल्या, त्यातही पुन्हा स्वयंपाक एकटीवर असलेल्या बाईला हे वाक्य ऐकवणं सोपं आहे. तिला निश्चय नको आहे, भिजवलेली डाळ हवी आहे. पार्सल यायला अर्धा-पाऊण तास लागतो. घरात १५ मिनिटांत होणारं काही तयार असेल तरच त्याला टक्कर.

मुगाचं धिरडं त्यात बसतं. एक वाटी सालाची मूगडाळ सकाळी निघताना फ्रीजमध्ये भिजत घाला. संध्याकाळी दोन मिरच्या, इंचभर आलं, चमचाभर जिरं आणि जेमतेम अर्धी वाटी पाणी घालून वाटा. मध्यम आकाराची सात-आठ होतात, दोघांचं भागतं. उरलेलं पीठ फ्रीजमध्ये दोन दिवस राहतं, मात्र मीठ घालताना लागेल तेवढ्याच पिठात घाला. धिरडं तव्याला चिकटलं तर तवा पुरेसा तापला नव्हता किंवा उलटायची घाई झाली; कडा आपोआप सुटल्या की मगच उलथनं घाला. मधे मोडत असेल तर पीठ पातळ झालंय, चमचाभर तांदळाचं पीठ घाला.

रविवारी आठवड्याभराची तयारी करून ठेवण्याच्या फंदात पडू नका. गुरुवारपर्यंत अर्धं फ्रीजमध्ये खराब होतं आणि शुक्रवारी पार्सल येतं. तीन दिवसांपुरतंच करा. बुधवारी पुन्हा अर्धा तास. अपवाद छोल्यांचा: पाव किलो छोले रात्रभर भिजवून, शिजवून, गार करून चार डब्यांत विभागा आणि फ्रीझरमध्ये ठेवा, महिनाभर टिकतात. जिथे रोज दोन-तीन तास वीज जाते तिथे मात्र हे करू नका. वितळून पुन्हा गोठलेले छोले पोट बिघडवू शकतात.

'घरचं अळणी लागतं' ही तक्रार पहिले काही आठवडे येणारच. बाहेरची चव बरीचशी मीठ, तेल आणि आंबटपणाची असते. त्यातला आंबटपणा फुकट आहे: लिंबू, चिंचेचा कोळ, दह्यातली चटणी. मीठ एकदम निम्म्यावर आणू नका, दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं उतरवा. जीभ दोन-तीन महिन्यांत जुळवून घेते, आणि मग जुन्या गाडीवरचा तोच रस्सा खारट लागायला लागतो.