बातमी दाबल्याने जीव वाचत नाहीत, जातात

'सरकारने मीडियावर सेन्सॉर का लावलाच पाहिजे' असा एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकला तेव्हा मी गप्प बसले, काकांशी कुठे वाद घालायचा म्हणून. पण काल भाचीने शाळेच्या वादविवाद स्पर्धेसाठी तोच मेसेज जसाच्या तसा वहीत उतरवलेला दाखवला आणि मग मात्र राहवलं नाही.

मेसेजमध्ये म्हटलंय ते थोडक्यात असं: संकटाच्या वेळी बातम्या रोखल्या की लोक घाबरत नाहीत आणि जीव वाचतात. देशाच्या सुरक्षेसाठी काय छापायचं ते सरकारने ठरवावं. रवांडात मोकाट रेडिओमुळे नरसंहार झाला. मीडिया फक्त निगेटिव्ह दाखवतो. खोट्या बातम्यांवर दुसरा इलाज नाही. आणि शेवटी, सरकार चांगलं असेल तर सेन्सॉरला घाबरायचं कशाला.

पहिला मुद्दा आधी घेते, कारण संताप त्याचाच जास्त आलाय. बाकीचे मुद्दे चुकीचे आहेत, हा जीवघेणा आहे.

26 एप्रिल 1986, रात्री एक वाजून तेवीस मिनिटांनी तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमधल्या, म्हणजे आताच्या युक्रेनमधल्या, चेर्नोबिल अणुवीज केंद्राची चौथी अणुभट्टी फुटली. तिथून तीनेक किलोमीटरवर प्रिप्यात, जवळपास 50 हजार वस्तीचं शहर. दिवस शनिवारचा, पोरं नेहमीसारखी शाळेत गेली, बाहेर खेळली, लोक आपापल्या कामाला लागले, कारण कोणी काही सांगितलंच नव्हतं. शहर रिकामं केलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे दीड दिवसाने, आणि तेव्हा पण तात्पुरतं जायचंय असं सांगून. बाकी देशाला तर तोवर पत्ताच नाही. जगाला कळलं ते पण सोव्हिएत सरकारकडून नाही. 28 तारखेला सकाळी स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात एक कर्मचारी रेडिएशन तपासणीच्या मशीनजवळून गेला आणि त्याच्या बुटांमुळे अलार्म वाजला. आधी त्यांना वाटलं आपल्याकडेच काही गळतंय, मग तपासल्यावर लक्षात आलं की हे वाऱ्याबरोबर बाहेरून आलंय. स्वीडनने विचारणा केल्यावर त्या रात्री मॉस्कोच्या टीव्ही बातम्यांत चार-पाच वाक्यांचं निवेदन वाचलं गेलं. हजारेक किलोमीटरवर अलार्म वाजून गेला तरी शेजारच्या गावातल्या आयांना काही माहीत नव्हतं. आणि 1 मेला कीव्हमध्ये मुलांसकट परेड झाली, सगळं ठीक आहे हे दाखवायला!

आता यावर कोणी म्हणेल की सांगून तरी काय फरक पडला असता, उलट गोंधळ उडाला असता. पडला असता फरक, आणि किती ते मोजता येतं. भट्टीतून जे बाहेर पडलं त्यात आयोडीन-131 हे किरणोत्सारी आयोडीन होतं, ते गवतावर बसतं, गाई गवत खातात, दुधात उतरतं आणि दूध पिणाऱ्या पोरांच्या थायरॉइडमध्ये जाऊन साठतं. पण ते टिकत नाही, दर आठ दिवसांनी निम्मं होत जातं आणि दोन-तीन महिन्यांत जवळपास संपतं. म्हणजे लोकांना सांगायचं होतं ते एवढंच, की थोडे आठवडे मुलांना ताजं दूध देऊ नका आणि साध्या आयोडीनच्या गोळ्या द्या, म्हणजे थायरॉइड आधीच भरलेलं राहतं आणि घातक आयोडीन त्यात साठत नाही. रेडिओवर सांगायला दोन मिनिटं लागली नसती. संयुक्त राष्ट्रांची रेडिएशनचा अभ्यास करणारी वैज्ञानिक समिती आहे, तिचा अहवाल सांगतो की बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागात, त्या वेळी लहान किंवा किशोरवयीन असलेल्यांमध्ये 2005 पर्यंत थायरॉइड कॅन्सरच्या 6 हजारांहून जास्त केसेस सापडल्या, आणि त्यातला मोठा वाटा त्या दुधाचा असण्याची दाट शक्यता आहे. बहुतेक जण उपचारांनी वाचले हे खरं. पण लहान पोरांच्या गळ्यावर ऑपरेशन, नंतर जन्मभर गोळ्या, हे कशासाठी? लोक घाबरू नयेत म्हणून?

शेजारच्या पोलंडने 29 एप्रिलपासून आयोडीन द्यायला सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत एक कोटीच्या वर मुलांना ते दिलं. तिथलं सरकार काही मोकळं नव्हतं, सेन्सॉर तिथेही होता, पण या एका बाबतीत त्यांनी लोकांना काय करायचं ते सांगितलं आणि लोकांनी रांगा लावून मुलांना औषध पाजलं. धोका काय आहे आणि आपण काय करायचं हे कळलं की माणसं बऱ्यापैकी शहाण्यासारखी वागतात.

चेर्नोबिल जुनं झालं म्हणत असाल तर वुहानचं घ्या. डॉक्टर ली वेनलियांग यांनी 30 डिसेंबर 2019 ला आपल्या डॉक्टर मित्रांना नव्या आजाराबद्दल, म्हणजे पुढे ज्याला कोविड म्हटलं गेलं त्याबद्दल, सावध केलं, 3 जानेवारीला पोलिसांनी अफवा पसरवल्याबद्दल ताकीद देऊन त्यांच्याकडून लेखी कबुली घेतली आणि 7 फेब्रुवारीला ते त्याच आजाराने गेले. मार्चमध्ये पोलिसांनी ती ताकीद मागे घेतली. आणि तरी आपल्याकडे लोक फॉरवर्ड करतायत की बातमी दाबल्याने जीव वाचतात!

सुरक्षेच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करायला पाहिजे, मनात नसलं तरी. 26/11 च्या वेळी चॅनेलवाल्यांनी कमांडो कुठून येतायत तेही लाइव्ह दाखवलं, आणि पलीकडे बसलेले सूत्रधार ते टीव्हीवर बघून फोनवरून अतिरेक्यांना सूचना देत होते. सुप्रीम कोर्टाने कसाबच्या निकालात, 2012 मध्ये, चॅनेल्सना यावरून कडक शब्दांत सुनावलंय आणि ते बरोबरच होतं. पण पुढे काय झालं बघा. 2015 मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती झाली की दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना लाइव्ह कव्हरेज नाही, ती संपेपर्यंत नेमलेला अधिकारी वेळोवेळी माहिती देईल. नियम एकाच गोष्टीपुरता, ठरावीक वेळेपुरता आणि सगळ्यांना माहीत असलेला, वाटलं तर कोर्टात जाऊन भांडता येईल असा. यावरून 'काय छापायचं ते सरकारने ठरवावं' इथे उडी कशी मारता येते?

कारण सरकार ज्याला सुरक्षा म्हणतं ती दरवेळी सुरक्षा असतेच असं नाही. 1971 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं छापायला घेतली तेव्हा अमेरिकन सरकारने हेच कारण देऊन ती थांबवायचा प्रयत्न केला, सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 ने पेपरच्या बाजूने निकाल दिला. सरकारची बाजू मांडणारे वकील होते अर्विन ग्रिस्वोल्ड. त्याच ग्रिस्वोल्ड यांनी 1989 मध्ये लेख लिहून सांगितलं की त्या प्रकाशनामुळे सुरक्षेला धोका झाल्याची खूण मला कुठेच दिसली नाही. जो माणूस कोर्टात उभं राहून धोका आहे म्हणून भांडला, त्याचंच हे म्हणणं आहे.

रवांडाचा मुद्दा वाचून तर मेसेज लिहिणाऱ्याने नुसतं नाव ऐकलंय की काय असं वाटलं. त्या रेडिओने 1994 मध्ये लोकांना मारायला चिथावलं हे शंभर टक्के खरं. पण तो रेडिओ सरकारच्या हाताबाहेर गेलेला कोणी पत्रकार चालवत नव्हता. तो काढला होता राष्ट्राध्यक्षांच्या गोटातल्या लोकांनीच, 1993 मध्ये. त्या सरकारच्या हातात सेन्सॉरची कात्री दिली असती तर ती कोणावर चालली असती? ज्यांनी त्या रेडिओविरुद्ध लिहिलं त्यांच्यावरच ना. चिथावणी देणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच पाहिजे, आणि ती झाली पण, आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 2003 मध्ये त्या रेडिओच्या संस्थापकांना दोषी ठरवलं. खटला चालवून, पुरावे मांडून. हिंसेला चिथावणं हा गुन्हा आहे आणि त्याला कायदा लागतो, छापण्याआधी मजकूर तपासणारा बाबू लागत नाही.

निगेटिव्ह बातम्यांबद्दल एकच सांगते. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मरत होती आणि सरकारला ते छापून यायला नको होतं. कलकत्त्याच्या स्टेट्समनचे संपादक इयान स्टीफन्स यांनी ऑगस्टमध्ये रस्त्यावर मरून पडलेल्या माणसांचे फोटो छापले, तेव्हा कुठे दिल्ली-लंडनला जाग आली. तेही निगेटिव्हच होतं. अमर्त्य सेन म्हणतात की लोकशाही आणि बऱ्यापैकी मोकळे पेपर असलेल्या स्वतंत्र देशात मोठा दुष्काळ कधी पडलेला नाही, त्याचं कारण हेच, की उपाशी माणूस पहिल्या पानावर आला की सरकारला झोप लागत नाही.

खोट्या बातम्यांचा त्रास खरा आहे, मलाही होतो. पण पेपरवर सेन्सॉर लावून फॉरवर्ड थांबत नाहीत, उलट पेपरात काही येईना झालं की लोक फॉरवर्डवरच विश्वास ठेवायला लागतात. बदनामीचा कायदा आहे, खुलासा छापायला लावता येतो. ते नीट आणि लवकर होत नाही ही तक्रार असेल तर मी पण तुमच्याबरोबर आहे.

राहता राहिलं चांगलं सरकार. काका, तुम्ही आणीबाणी बघितलेली आहे, मी फक्त वाचलेली, त्यामुळे हे तुम्हाला सांगायला विचित्र वाटतंय. जून 1975 ते मार्च 1977, 21 महिने. पेपरातला मजकूर आधी तपासून मग छापायला जायचा, आणि सरकारचं म्हणणं हेच होतं की आम्ही शिस्त आणतोय, देशाचं भलं करतोय. त्याच काळात, 1976-77 या एका वर्षात 81 लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, ठरवलेल्या टार्गेटच्या जवळपास दुप्पट. कुठे माणसं पकडून नेली, कुठे नोकरीची, पगाराची भीती घातली, आणि यातलं धड काही छापता येत नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर दगावलेल्यांचा आकडा नंतर आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालात आला, 1,774. तो मोजला गेला सरकार बदलल्यावर. ज्या महिन्यांत ही माणसं मरत होती त्या महिन्यांत ही बातमी पेपरात आली असती, तर पुढच्या गावातला कॅम्प थांबवायला निदान कोणी तरी तहसीलदारासमोर पेपर आपटला असता.