अण्णांचा कोबी

परवा शेजारच्या अण्णांनी आमच्याकडे कोबीचा गड्डा धाडला. नातवाच्या हातून, पिशवीला नीट गाठ मारून. वर निरोप, "परत देऊ नका." म्हणजे धर्मादाय.

कारण एवढंच, की आदल्या संध्याकाळी मी परड्यात वाकून टाकळा, ही पावसाळी रानभाजी, खुडत होते. मिरगाचा पाऊस झाला की आमच्या दगडी गडग्याच्या, म्हणजे कुंपणाच्या, कडेने तो नुसता उसळतो. अण्णा पलीकडून गडग्यावर कोपर टेकून बघत होते.

"काय गो, बेणूक गडी गावाक नाय?" म्हणजे तण काढायला माणूस मिळाला नाही का.

"बेणूक नाय अण्णा, भाजीक खुडतंय."

"कोणाच्या भाजीक?"

"आमच्याच. रात्री जेवणाक."

मी घर गहाण टाकल्याचं सांगितल्यासारखा अण्णांचा चेहरा पडला. आजूबाजूला बघून, आवाज खाली आणून म्हणाले, "त्याचो पगार टायमार होता मां?"

तो म्हणजे माझा नवरा. होतो, म्हटलं.

"सोसायटीचा कर्ज थकला?"

नाही.

"मगे ढोरांचा कित्याक खातास?"

इथे मी सांगून बसले, की टाकळ्याला ढोरंसुद्धा तोंड लावत नाहीत. खरंच लावत नाहीत. पण त्याने माझी बाजू आणखीच लंगडी पडली. मग मी घाईघाईने रेसिपीवर आले. फुलावर यायच्या आत कोवळे शेंडे खुडायचे, जून झाला की उग्र वास मारतो. कांद्याची फोडणी, उकडून ठेचलेल्या फणसाच्या आठळ्या, वर ओलं खोबरं. अण्णा मान हलवत होते. ती मान रेसिपीसाठी नव्हती, माझ्या आईवडिलांसाठी होती. जाताना म्हणाले, "काय लागला तर सांगूक लाजू नको."

आणि दुसऱ्या दिवशी कोबी. घाट उतरून आलेला, वरची दोन पानं काळी पडलेली. सासूबाईंनी निमूट चिरला, चणाडाळ घालून केला. मुलगा म्हणाला, "आज भाजी मस्त झालीय." ते मात्र लागलं.

गेल्या ऑगस्टात तालुक्याला रानभाजी महोत्सव झाला, तिथे याच अण्णांनी टाकळ्याच्या वड्या पैसे मोजून खाल्ल्या होत्या. फोटो महिनाभर स्टेटसला होता. बॅनरखाली कागदी द्रोणात असला की टाकळा औषधी. माझ्या सुपात असला की दारिद्र्य.

इथवर हसण्यावारी नेलं असतं. पण कोबीने त्यांचं समाधान झालं नसावं. काल दुपारी आम्ही बाजारात गेलेलो असताना पाठीवर पंप घेऊन त्यांनी गडग्याच्या दोन्ही बाजूंना तणनाशक मारलं. आमच्या बाजूला फुकट. "तुमचाय रान मारून टाकलंय, गणपतीपर्यंत बघूक नको." टाकळ्याचं मला एवढं नाही, तो बियांनी कुठेही येईल. पण त्याच कडेला माझी फोडशी होती. गवतात गवतासारखी दिसते, बुडखा पांढरा असतो म्हणून ओळखायची. धुऊन धुऊन माती काढायची, मधला कडक दांडा ओढून टाकायचा, तेव्हा कुठे मूठभर भाजी हाताला लागते. ती दरवर्षी खालच्या कंदातून फुटते, आणि हे औषध पानावर पडलं तरी मुळापर्यंत उतरतं. आता पुढच्या वर्षी उगवेल ती उगवेल. शेजाऱ्याने उपकार केल्यावर भांडायचं कसं, हे मला अजून कोणी शिकवलेलं नाही. सासूबाईंनी तर त्यांना चहा पाजला.

चहा पिता पिता अण्णा आमच्या शेवग्याकडे बघत म्हणाले, "अष्टमीक पालो होयो हां आमका. आधीच सांगान ठेवतंय."

गोकुळाष्टमीला आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी इथे घरोघरी लागते. तो पाला मागायला पगाराची चौकशी लागत नाही.

न्या म्हटलं. शिडी तुमची आणा, आणि आमच्यापुरताही काढून द्या.