८०५५ उर्फ बॉस

गाडी घेतलीत, फार छान केलंत. चाकाखाली लिंबं फुटली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, शोरूमवाल्याने पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात देऊन फोटोही काढला. हप्ते सात वर्षं चालणार, म्हणजे तोवर गाडी बँकेची. तुमचं म्हणून त्या गाडीवर एकच गोष्ट असणार, ती म्हणजे नंबर. आणि तो आरटीओने दिलेला साधा, सरळ, कुणालाही वाचता येणारा नंबर तुम्ही तसाच मिरवणार असाल, तर मग एसटीने फिरलेलं काय वाईट?

आधी आकडा निवडू. इंग्रजी आकड्यांत २ म्हणजे र, १ म्हणजे काना, ९ म्हणजे व, आणि ४ म्हणजे म किंवा प, जसं सोयीचं पडेल तसं. ही बाराखडी कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, पण रेडियमवाल्याला झोपेतून उठवून विचारा, घडाघडा म्हणेल. त्यामुळे २१४ म्हणजे राम (पुढचं शून्य तो इतकं बारीक करून देतो की वाटावं माशी बसलीय). ४९१२ म्हणजे पवार. आडनाव पवारच हवं अशी अट नाही, निष्ठाही चालते. ८०५५ म्हणजे थेट इंग्रजीतला बॉस. ४१४१ ला कुणी मामा म्हणतं, कुणी पापा. पुण्यात राहत असाल तर मामा घेताना जपून, कारण चौकात शिट्टी घेऊन उभे असतात तेही मामाच.

हा आकडा मिळवण्यात बेकायदा काहीच नाही बरं का. उलट सरकारच तो हौसेने विकतं. पसंतीच्या क्रमांकाचा अर्ज करायचा, शुल्क भरायचं. त्याच आकड्यासाठी आणखी कुणी बॉस टपलेला निघाला, तर बंद पाकिटात जादा रकमेचा डीडी घालायचा, ज्याचं पाकीट जड त्याचा नंबर. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने हे दर वाढवले. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी चारचाकीला ०००१ हवा असेल तर ४ लाखांचे ६ लाख झाले. चालू सिरीजमधला गेला असेल आणि दुसऱ्या सिरीजमधून ओढून आणायचा असेल तर १८ लाख. एवढ्यात चांगली गाडी येते, पण गाडी काय, कुणाकडेही असते. चंडीगडच्या एका गृहस्थांनी २०२२ मध्ये ०००१ साठी १५ लाख ४४ हजार मोजले आणि तो लावला ७१ हजारांच्या अ‍ॅक्टिव्हाला. आधी नंबर घ्यावा, मग त्याला टांगायला खाली काहीतरी घ्यावं, हा क्रम त्यांना कळला होता. हरियाणात नोव्हेंबर २०२५ मध्ये एचआर ८८ बी ८८८८ वर १ कोटी १७ लाखांची बोली लागली. बोली लावणाऱ्याने पुढे पैसे भरलेच नाहीत ही गोष्ट वेगळी, पण बातमी तर छापून आली ना?

इतकं सगळं गोड चाललेलं असताना सरकारला मध्येच एक खोड आठवते. नंबर म्हणून विकलेला आकडा नंबरासारखाच दिसला पाहिजे, अशी त्याची अपेक्षा असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातले ५० आणि ५१ हे दोन नियम मुद्दाम तुमचा विरस करण्यासाठी लिहिलेले आहेत. मोटारीच्या पाटीवर प्रत्येक अक्षर ६५ मिलिमीटर उंच, १० मिलिमीटर जाड, दोन अक्षरांत १० मिलिमीटर जागा. मोटारसायकलच्या मागच्या पाटीवर अक्षरं ३५ आणि आकडे ४० मिलिमीटर. कुणी तरी पट्टी घेऊन बसलं असणार आणि त्या माणसाच्या आयुष्यात एकही दादा आला नसणार. काना लांबवायला जागा नाही, वेलांटीला जागा नाही, वाघाच्या तोंडाला तर नाहीच नाही.

तरी घाबरू नका. दंड बघा किती माफक आहे. डिसेंबर २०२१ पासून महाराष्ट्रात पहिल्यांदा सापडलात तर ५००, पुन्हा सापडलात तर १५००. रेडियमवाला चांगल्या कामाचे याहून जास्त घेतो. ६ लाखांचा नंबर घेणाऱ्याला ५०० रुपयांनी अद्दल घडेल, असं ज्यांना वाटलं त्यांचा माणसाच्या चांगुलपणावर फार विश्वास असला पाहिजे. तुम्ही तो दंड समजूच नका, वर्गणी समजा.

आता रंग. काळ्या पाटीवर सोनेरी-पिवळी अक्षरं फार उठून दिसतात, असं रेडियमवाला सांगेल. खरं आहे. फक्त कायद्याच्या लेखी काळ्यावर पिवळं म्हणजे ग्राहकाने स्वतः चालवायची भाड्याची गाडी. पणजीला गेलात तर कुणीतरी काच खाली करायला लावून ‘दिवसाचे किती?’ विचारेल, तेव्हा रागावायचं नाही.

काही वाचकांचा बाणा मराठी असतो. त्यांनी पाटीवर देवनागरी आकडे घालावेत. नियम म्हणतो अक्षरं इंग्रजी हवीत आणि आकडे अरबी. ते आकडे मुळात इथूनच अरबांकडे गेले, हा मुद्दा चौकात हवालदारांना जरूर ऐकवा, मागे वाहनांची रांग असेल तर अधिक खुलवून ऐकवा. (मला स्वतःला देवनागरी पाटी बघून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण ती लावणाऱ्याच्या घरच्या दारावरची पाटी, लग्नाची पत्रिका आणि मुलांची शाळा इंग्रजीत निघाली की जरा गोंधळायला होतं.)

फॅन्सी पाटीचा खरा फायदा कॅमेऱ्यासमोर कळतो. चौकातला कॅमेरा हा अत्यंत अरसिक प्राणी आहे. त्याला ८ चा बी झालेला समजत नाही, ५ चा एस झालेला समजत नाही. तो आपल्या परीने काहीतरी वाचतो आणि चालान कुणाच्या तरी नावावर पाठवून मोकळा होतो. मग गावाकडे शाळेतून निवृत्त झालेल्या एखाद्या पापभीरू मास्तरांना समृद्धी महामार्गावर ताशी १४० ने गेल्याबद्दल संदेश येतो. मास्तरांकडे स्कूटी असते. त्या महामार्गावर दुचाकीला मुळात बंदी आहे. पण संदेशाखाली दंड भरायची लिंक येते, उलट बोलायची सोय काही लगेच सापडत नाही. दोन हेलपाटे घालून मास्तर शेवटी लोकअदालतीच्या रांगेत उभे राहतात. त्यांना कधी कळणारही नाही की आपण एका बॉसच्या सेवेत होतो.

तुमच्या वाटेत मोठा काटा एकच, एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटीवाली सरकारी नंबरपाटी. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती कंपनीतूनच येते. अ‍ॅल्युमिनियमची पाटी, डाव्या कोपऱ्यात २० बाय २० मिलिमीटरचा अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक, आणि एकदा बसवलं की तोडल्याशिवाय न निघणारं कुलूप. त्याआधीच्या गाड्यांनाही ती लावून घ्या, असं महाराष्ट्र सरकारने सांगितलं. दुचाकीला ४५०, तीनचाकीला ५००, मोटारीला ७४५ रुपये, वर जीएसटी. शेवटची तारीख ३१ मार्च २०२५. मग शेवटची तारीख ३० एप्रिल. मग ३० जून, मग १५ ऑगस्ट, मग ३० नोव्हेंबर, मग ३१ डिसेंबर. एवढ्या शेवटच्या तारखा ज्याने पाहिल्या, त्याने पाटीची घाई का करावी? उगाच रांग वाढवू नका.

आणि लावावीच लागली तर ती डिकीत ठेवा. सुरक्षेसाठी दिलेली वस्तू सुरक्षित ठेवणं हे तुमचं कर्तव्यच आहे. बाहेर तुमची रेडियमची झळकू द्या आणि तिच्या डाव्या अंगाला निळ्या रंगात ‘इंड’ चिकटवून घ्या, म्हणजे लांबून कायदा पाळल्यासारखा वाटतो.

तरीही कुणी अडवलंच तर संवाद साधारण असा होतो.

‘हे काय लिहिलंय?’

‘नंबर आहे साहेब.’

‘मला तर बॉस दिसतंय.’

‘म्हणजे तुम्हाला बरोबर दिसतंय साहेब.’

इथे खिशातून फोन काढून, आधीच कुणाला तरी जोडून, ‘जरा बोलून घ्या’ म्हणत पुढे करायची जुनी रीत आहे. ती हल्ली फारशी चालत नाही. मामा फोनला हातच लावत नाहीत, हातातलं मशीन काढतात, पाटीचा फोटो मारतात आणि पुढच्या गाडीकडे वळतात. निदान फोटो तरी चांगला आलाय का, ते ॲपवर बघून घ्या. स्टेटसला ठेवता येतो.

शेवटी एका किरकोळ अडचणीचं सांगून ठेवतो, म्हणजे नंतर माझ्या नावाने बोटं मोडायला नकोत. समजा, एखाद्या रात्री गाडी चोरीला गेली. तुम्ही चौकीत जाल. सीसीटीव्ही लावला जाईल आणि तुमचा ऊर भरून येईल, कारण अंधारातसुद्धा ‘बॉस’ लख्ख दिसत असेल, रेडियमच तसं आहे. पण नाव मोठं करायचं म्हणून एमएच, जिल्ह्याचा आकडा आणि सिरीजची अक्षरं रेडियमवाल्याने वरच्या कोपऱ्यात मुंग्यांएवढी केलेली असतात, तुमच्याच सांगण्यावरून. आणि ८०५५ तर प्रत्येक सिरीजमध्ये एक असतो. बारा पासिंगमध्ये, म्हणजे पुण्याच्या एमएच १२ मध्ये, आजवर सिरीज किती निघाल्या, ते आरटीओला विचारा. त्या रात्री टोलनाक्यावरून गेलेल्या पांढऱ्या गाड्यांपैकी तीन बॉस निघतील. हवालदार स्क्रीन तुमच्याकडे वळवतील, चहाचा कप बाजूला सरकवतील आणि अगदी आदराने विचारतील, ‘साहेब, यातले तुम्ही कोणते?’